विश्लेषण : देशात गरीब नेमके किती? एका आकड्यातून समजून घ्या सांख्यिकीच्या मूलभूत संकल्पना

भारतात २०११-१२ मध्ये गरीब किती होते? तेंडुलकर समितीच्या पद्धतीनुसार सुमारे २७ कोटी, तर रंगराजन समितीच्या पद्धतीनुसार ३६ कोटींहून अधिक. देश एकच, वर्षही एकच; तरी दोन उत्तरांत नऊ कोटींहून अधिक माणसांचे अंतर. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, हे लक्षात घेतले की या अंतराचा आवाका कळतो. यातला एक आकडा खोटा आहे, असे नाही. दोन्ही कसे निघाले हे समजले, की समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अवघड वाटणाऱ्या सांख्यिकीच्या बहुतेक पायाभूत संकल्पना आपोआप उलगडतात.

हे आकडे येतात कुठून?

माणसे मोजण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे जनगणना. तिच्यात प्रत्येक घराची नोंद होते. ती खर्चीक आणि वेळखाऊ असते, शिवाय प्रत्येक कुटुंबाला शेकडो प्रश्न विचारणे शक्य नसते. दुसरा मार्ग नमुना पाहणीचा. सगळ्यांना न विचारता काही निवडक घरांना सविस्तर प्रश्न विचारायचे आणि त्यावरून सगळ्यांविषयी अंदाज बांधायचा. ज्यांच्याविषयी अंदाज बांधायचा त्या संपूर्ण समूहाला सांख्यिकीत ‘समष्टी’ म्हणतात आणि प्रत्यक्ष पाहणीसाठी निवडलेल्या भागाला ‘नमुना’.

भारतात प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. गरिबीचे अंदाज तिच्या घरगुती खर्चाच्या पाहणीवरच बेतलेले असतात. उत्पन्न किती, असे विचारले तर शेतकरी, मजूर, फेरीवाले यांना नेमके सांगता येत नाही आणि अनेकांना सांगायचेही नसते. त्यामुळे आपल्याकडे उत्पन्नाऐवजी घरात काय आणि किती रुपयांचे खर्ची पडले, हे विचारले जाते. म्हणजे ‘गरिबी’ थेट मोजलीच जात नाही. मोजला जातो तो खर्च आणि त्यावरून गरिबी ठरवली जाते.

इतक्या कमी घरांवरून देशाचे चित्र कसे कळते?

ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळातील पाहणीत देशभरातील २ लाख ६१ हजार ७४६ घरांची माहिती घेण्यात आली. १४० कोटींच्या देशात एवढी घरे पुरतात का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या रोजच्या म्हणीत आहे : शितावरून भाताची परीक्षा. पातेले लहान असो वा लग्नघरातले मोठे, भात शिजला का हे पाहायला दोनचार शिते पुरतात. अट एकच, ती शिते फक्त वरच्या थरातली नकोत.

सांख्यिकीत ही अट ‘यादृच्छिक निवड’ पाळते. कोणते घर निवडायचे हे प्रगणकाच्या मर्जीवर किंवा सोयीवर न सोडता चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवायचे. रस्त्यालगतची, ओळखीची, दार उघडे असलेली घरे गाठली तर नमुना कितीही मोठा घेतला तरी तो कलतोच. समाजमाध्यमांवरील कौलात लाखभर मते पडली तरी त्याला शास्त्रीय किंमत नसते, ती याच कारणाने. तिथे कोणी उत्तर द्यायचे हे उत्तर देणाराच ठरवतो.

यादृच्छिक नमुन्यातही थोडा फरक राहतोच. त्याचा साधा ठोकताळा असा : एक भागिले नमुन्याच्या आकाराचे वर्गमूळ. ४०० जणांना विचारले तर टक्केवारीत पाच अंक इकडेतिकडे, १,००० जणांना विचारले तर सुमारे तीन, १०,००० जणांना विचारले तर एक. ही मर्यादा ‘९५ टक्के विश्वासाची’ असते. म्हणजे अशीच पाहणी शंभर वेळा केली तर साधारण ९५ वेळा खरे उत्तर या पट्ट्यात सापडेल. गावे आधी आणि घरे नंतर अशा टप्प्याटप्प्याच्या निवडीत प्रत्यक्ष त्रुटी याहून थोडी जास्त येते.

यातून दोन गोष्टी निघतात. त्रुटी निम्मी करायची तर नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. आणि देशासाठी पुरेसा असलेला नमुना तालुक्यासाठी पुरत नाही, कारण एकेका तालुक्याच्या वाट्याला मोजकीच घरे येतात. राष्ट्रीय पाहणीतला आकडा उचलून ‘आपल्या तालुक्यात गरिबी इतकी’ असे म्हणता येत नाही, ते यामुळेच.

सरासरी काय सांगते आणि काय लपवते?

समजा, एका वाडीत दहा घरे आहेत. नऊ घरांचे मासिक उत्पन्न प्रत्येकी १२ हजार रुपये आणि दहाव्याचे १ लाख ९२ हजार. सरासरी येते ३० हजार. वाडीत ३० हजार मिळवणारे घर मात्र एकही नाही. सगळी घरे उत्पन्नाप्रमाणे ओळीने उभी केली तर मधल्या घराचे उत्पन्न १२ हजार. हा ‘मध्यक’. सर्वांत जास्त वेळा येणारी संख्या म्हणजे ‘बहुलक’, तीही इथे १२ हजारच. (काही पाठ्यपुस्तकांत सरासरीला ‘मध्य’ किंवा ‘मध्यमान’ आणि मध्यकाला ‘मध्यांक’ म्हटलेले आढळते.)

आता खरे आकडे पाहू. २०२२-२३ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील माणशी मासिक खर्चाची सरासरी ३,७७३ रुपये होती, शहरी भारतात ६,४५९. ग्रामीण लोकसंख्या खर्चाप्रमाणे गटांत विभागली असता ४० ते ५० टक्क्यांच्या गटाचा खर्च ३,०९४ रुपये आणि ५० ते ६० टक्क्यांच्या गटाचा ३,४५५ रुपये आढळला. मध्यक या दोहोंच्या दरम्यान येतो. म्हणजे मधला माणूस सरासरीच्या बराच खाली आहे. सरासरी वर ओढली गेली ती वरच्या गटांमुळे. सर्वांत वरच्या पाच टक्क्यांचा खर्च १०,५०१ रुपये, तर सर्वांत खालच्या पाच टक्क्यांचा १,३७३ रुपये.

उत्पन्न, खर्च, जमीन, संपत्ती या गोष्टींत मोजक्या लोकांकडे खूप काही असते. म्हणून तिथे मध्यक अधिक बोलका ठरतो. उलट उंचीसारख्या गोष्टीत सरासरी आणि मध्यक जवळजवळ सारखेच येतात.

आणखी एक बारकावा. ‘माणशी खर्च’ हा घराच्या एकूण खर्चाला घरातील माणसांच्या संख्येने भागून काढतात. घरात कोणाच्या ताटात किती पडले, हे त्यात दिसत नाही. सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला कमी आले असेल तरी कागदावर तिचा खर्च घरातल्या कर्त्या पुरुषाइतकाच नोंदला जातो. पाहणीचे एकक घर आहे की व्यक्ती, हा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक नाही.

दांडेकर-सुखात्मे वाद काय होता?

सरासरीभोवती आकडे किती पसरलेले आहेत, हे मोजण्याचे माप म्हणजे ‘प्रमाण विचलन’. परीक्षेपुरते त्याचे सूत्र पाठ करणारे पुष्कळ असतात. पण या मापावरून पुण्यात, दोन मोठ्या मराठी अभ्यासकांमध्ये, देशातले भुकेले किती यावर वाद झाला होता.

पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास १९७१ मध्ये आला. दिवसाला माणशी २,२५० कॅलरी मिळवून देईल इतका खर्च ही त्यांनी दारिद्र्याची मर्यादा मानली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ती गावात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये होती.

ख्यातनाम संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाची धुरा वाहिली होती. सरासरी गरजेला सीमारेषा मानण्याच्या पद्धतीवर त्यांचा आक्षेप होता. सरासरीचा अर्थच असा, की पुष्कळ निरोगी माणसांची गरज तिच्याहून कमी असते. मग तिच्या खाली खाणारा प्रत्येक जण अर्धपोटी कसा? शिवाय एकाच माणसाची गरजही रोज सारखी नसते. सीमारेषा सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करून ठरवावी, असे त्यांचे म्हणणे होते.

हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सरासरी गरज २,२५० कॅलरी आणि प्रमाण विचलन २५० मानले, तर सुखात्मे यांच्या पद्धतीने रेषा १,७५० वर येते. घंटेच्या आकाराच्या ‘सामान्य वितरणात’ सुमारे ६८ टक्के लोक सरासरीपासून एका प्रमाण विचलनाच्या आत आणि सुमारे ९५ टक्के दोन प्रमाण विचलनांच्या आत असतात. म्हणजे १,७५० पेक्षाही कमी गरज असणारे शंभरात जेमतेम दोनतीन. या रेषेखाली ज्याचा आहार आहे तो कुपोषित आहे, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. पण ज्याची गरज २,४०० आहे आणि ज्याला २,००० च मिळतात, तो अर्धपोटी असूनही या मोजणीतून निसटतो.

दांडेकरांनी सुखात्मे यांच्या मांडणीला विरोध केला आणि वाद पुढे अनेक वर्षे चालला. रेषा वर ठेवली तर पोट भरलेले काही जण भुकेल्यांत मोजले जातात, खाली ओढली तर भुकेले काही जण सुटतात. एक चूक कमी केली की दुसरी वाढते. यातली कोणती चूक पत्करायची, हे सूत्र सांगत नाही. ते समाजाला ठरवावे लागते.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर बदलते का?

बदलते आणि बरेच बदलते. गेल्या ३० दिवसांत भाजी, दूध, तेल किती आणले, हे आठवून सांगताना माणसे बरेच विसरतात. गेल्या ७ दिवसांचे विचारले तर खर्च जास्त नोंदला जातो, असे चाचण्यांत दिसले होते.

१९९९-२००० च्या पाहणीत खाद्यपदार्थांबाबत हे दोन्ही प्रश्न एकाच कुटुंबाला विचारण्यात आले. ७ दिवसांचा आकडा सांगितल्यावर ३० दिवसांचे उत्तर त्याच्याशी जुळवून घेण्याची प्रवृत्ती होते, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला. त्या वर्षी गरिबीचे प्रमाण २६.१ टक्के निघाले. १९९३-९४ मध्ये ते सुमारे ३६ टक्के होते. आर्थिक सुधारणांमुळे गरिबी झपाट्याने घटली, की केवळ प्रश्नावली बदलली, यावर मोठी चर्चा झडली. पुढे नोबेल मिळवणारे अँगस डीटन यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी आकडे दुरुस्त करून पाहिले. घट खरी होती, पण सरकारी आकड्याइतकी मोठी नव्हती, असा त्यांचा निष्कर्ष होता.

अशा चुकांना ‘नमुनाबाह्य त्रुटी’ म्हणतात. विसरणे, लपवणे, प्रश्नाचा अर्थ वेगळा लावणे, उच्चभ्रू वसाहतीच्या फाटकावरच प्रगणकाला अडवणे हे सगळे त्यात येते. नमुना वाढवून या त्रुटी कमी होत नाहीत, आणि ‘अधिक-उणे तीन टक्के’ या मर्यादेत त्या धरलेल्याही नसतात.

मग २७ कोटी की ३६ कोटी?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. २०११-१२ साठी तेंडुलकर पद्धतीची रेषा गावात माणशी महिना ८१६ रुपये आणि शहरात १,००० रुपये होती. दिवसाला साधारण २७ आणि ३३ रुपये. नियोजन आयोगाने २०१३ मध्ये हे आकडे जाहीर केल्यावर देशभर गदारोळ झाला. २०१४ मध्ये अहवाल देणाऱ्या रंगराजन समितीने रेषा ९७२ आणि १,४०७ रुपयांवर नेली. गरिबीचे प्रमाण २१.९ टक्क्यांवरून २९.५ टक्के झाले. अन्न, कपडे, घरभाडे, शिक्षण यांचा किमान खर्च किती धरायचा, याची दोन समित्यांची व्याख्या वेगळी होती आणि खर्च नोंदवण्याची निवडलेली पद्धतही वेगळी होती.

गावातली रेषा १५६ रुपयांनी आणि शहरातली ४०७ रुपयांनी वर गेली आणि नऊ कोटी माणसे गरिबांच्या यादीत आली. याचे कारण असे, की रेषेच्या आसपास खूप दाटी असते. रेषेच्या जरा वर असलेला माणूस एका आजारपणात किंवा एका बुडालेल्या हंगामात खाली येतो. त्यामुळे ‘रेषेखाली किती’ याबरोबरच ‘रेषेच्या किती खाली’ आणि ‘रेषेच्या जेमतेम वर किती’ हेही विचारायला हवे.

वाढ खरी की महागाईची?

२०११-१२ मध्ये ग्रामीण माणशी खर्च १,४३० रुपये होता, २०२२-२३ मध्ये ३,७७३. वाढ १६४ टक्के. पण या काळात किमतीही वाढल्या. २०११-१२ च्या किमतींना मोजले तर २०२२-२३ चा खर्च २,००८ रुपये भरतो आणि वाढ ४० टक्क्यांवर येते. पहिली वाढ ‘चालू किमतींनुसार’, दुसरी ‘स्थिर किमतींनुसार’. भाषणात कोणती वापरली आहे, हे तपासायला हवे. त्यातही दोन्ही पाहण्यांची पद्धत सारखी नव्हती. विचारलेल्या वस्तूंची संख्या ३४७ वरून ४०५ झाली आणि एका भेटीऐवजी तीन भेटींत माहिती घेतली गेली. मधली २०१७-१८ ची पाहणी तर सरकारने माहितीच्या दर्जाचे कारण देत प्रसिद्धच केली नाही.

असाच घोळ टक्के आणि टक्केबिंदू यांत होतो. गरिबी ३६ टक्क्यांवरून २६ टक्के झाली तर घट १० टक्केबिंदूंची, पण टक्केवारीत ती सुमारे २८ टक्के. दोन्ही बरोबर, एक छोटी दिसते, दुसरी मोठी.

सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, ते कसे?

आरोग्यविषयक नमुना पाहण्यांत आजारी असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण केरळमध्ये बिहारपेक्षा खूप जास्त येते. केरळमध्ये दवाखानेही जास्त आणि साक्षरताही. मग शिक्षण आणि दवाखाने यांमुळे माणसे आजारी पडतात का? तसे असते तर केरळमधील आयुर्मान देशात वरच्या क्रमांकावर नसते.

प्रत्यक्षात तिथे वृद्धांचे प्रमाण अधिक आहे. शिवाय शिकलेला आणि डॉक्टर जवळ असलेला माणूस दुखणे ओळखतो, सांगतो. जिथे दवाखानाच नाही तिथे अंगावर काढलेले दुखणे ‘आजार’ म्हणून नोंदलेच जात नाही. अमर्त्य सेन यांनी या विसंगतीकडे वारंवार लक्ष वेधले आहे. दोन गोष्टी एकत्र वाढताना दिसल्या की तो ‘सहसंबंध’. त्यातली एक दुसरीचे कारण आहे असे म्हणण्यापूर्वी दोन्हींमागे तिसरे काही आहे का आणि मोजणीच वेगवेगळी झाली आहे का, हे पाहावे लागते.

याचा आपल्याशी काय संबंध?

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात प्रत्येक राज्यातील किती टक्के लोकांना स्वस्त धान्य द्यायचे, हे २०११-१२ च्या खर्च पाहणीवरून ठरले आणि त्या टक्केवारीने किती माणसे होतात हे २०११ च्या जनगणनेवरून. महाराष्ट्राचा इष्टांक सुमारे सात कोटींवर बांधला गेला तो असा. त्यानंतर जन्मलेली, लग्न होऊन आलेली, कामासाठी स्थलांतरित झालेली माणसे या गणितात नाहीत. पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. रेशन दुकानात ‘इष्टांक संपला, नवे नाव चढत नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा त्यामागे एक जुना भाजक असतो.

म्हणून प्रकल्प लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने आणि बातमी वाचणाऱ्यानेही कोणत्याही आकड्याला पाच प्रश्न विचारावेत. मोजले कोणाला आणि कोण सुटले? व्याख्या कोणती? प्रश्न कसा विचारला? सरासरी दिली आहे की मध्यक, आणि पसारा किती? तुलना ज्याच्याशी केली आहे ते माप तेच आहे का? या पाचांची उत्तरे बातमीत किंवा अहवालात सापडली, तर आकडा वापरण्याजोगा आहे. सापडली नाहीत, तर तो कितीही ठळक अक्षरांत छापलेला असला तरी प्रकल्पात उतरवून घेण्याआधी मूळ अहवाल उघडलेला बरा.